खाणीतली मरळ

पिंपरी-चिंचवडला फिरायला म्हणून कोणी जात नाही. लोक तिथे नोकरीला जातात, मुलीचं स्थळ बघायला जातात, फार तर भाच्याच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. मी मात्र यंदा फाल्गुनात, होळीचा पालखीनाच आटोपल्यावर, गुहागरहून एसटीत बसून तिथे मासे धरायला गेलो. गावात ज्याने ऐकलं त्याने मला वेड्यात काढलं. दारात खाडी असताना हा माणूस घाट चढून कारखान्यांच्या गावी मासे धरायला चाललाय, म्हणजे म्हातारचळच, असं शेजारच्या काकीने आमच्या हिला सुनावलं. मी का चाललोय हे हिला ठाऊक होतं.

मी चाललो होतो सोपानसाठी. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी टूलरूमला उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि सोपान तिथेच बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणायच्या कामाला होता. तो चऱ्होलीचा, जुन्या शेतकरी घरातला. मी कोकणातून पोटासाठी आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा. आमची गाठ पडली ती भंगारातल्या एका पितळी तुकड्यावरून. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हातोडीने ठोकून चमच्यासारखा खोलगट आकार देत होतो. सोपानने तो माझ्या हातातून घेतला, बफिंगच्या चाकावर धरला आणि परत दिला तेव्हा त्यात माझं तोंड दिसत होतं. ‘मरळीला का?’ एवढंच त्याने विचारलं.

ज्यांनी हा नाद केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून गळ टाकायचा आणि विड्या ओढत बसायचं, ही एक मासेमारी. आमची वेगळी. आमच्या गळाला खाण्याजोगं काहीच नसतं. पितळेची चमकी, लाकडाचा मासा, रबराचा बेडूक, असं काहीतरी खोटं दोरीला बांधायचं, लांब फेकायचं आणि रीळ फिरवत, मनगटाने बारीक झटके देत असं ओढून आणायचं की पाण्यातल्याला ते जिवंत वाटावं. हल्लीची मुलं याला लुअर फिशिंग म्हणतात आणि त्याचे व्हिडिओ करतात. आम्ही नुसतं ‘चमकी मारायला जातो’ म्हणायचो. सगळा खेळ मनगटाचा. मासा प्रत्येक वेळी भुकेपोटीच येतो असंही नाही. मरळ तर बहुतेक वेळा रागाने येते.

मरळ म्हणजे काळपट, नागाच्या डोक्याची, थांबलेल्या पाण्यात शेवाळाखाली पडून राहणारी. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते. ती लागली की हिसका खांद्यापर्यंत येतो. सोपानला दुसरा कुठलाही मासा मासा वाटायचा नाही. दर गुरुवारी भोसरीतल्या वर्कशॉपांना सुट्टी असते, आणि आमचे सगळे गुरुवार मरळीच्या मागे गेले. दोघांच्याही बायकांनी आम्हाला कधी कुठल्या देवाला गुरुवारी जाताना पाहिलं नाही.

आमचा एक नियम होता. वर्कशॉपात दंडक असतो, दुसऱ्याच्या चालू मशीनला हात लावायचा नाही. माणूस भलं करायला जातो आणि कोणाची तरी बोटं जातात. ते आमच्या इतकं अंगी मुरलं होतं की पाण्यावरही आम्ही तसेच वागायचो. ज्याच्या दोरीला मासा लागला त्यानेच तो काढायचा. सुटला तर सुटला. दुसऱ्याने रॉडला बोट लावायचं नाही, तोंडाने सल्लाही द्यायचा नाही. एवढ्या वर्षांत हा नियम ना त्याने मोडला ना मी, आणि मला त्याचा अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर मी गावी परतलो. सोपानचा अधूनमधून फोन यायचा. माघात आला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी ओळखूच आला नाही.

‘कंपवात हाय म्हनतोय डाक्टर,’ तो म्हणाला. ‘उजवा हात आता ऐकत न्हाई. वसंता, मला एक मरळ काढायची हाय. माझ्या हातानं. हात हाय तवर ये.’

चऱ्होली

चऱ्होलीत मी चुकलो. ज्या वळणावर ज्वारीची रानं लागायची तिथे आता मोठ्या कमानी आहेत, कमानींना इंग्रजी नावं आहेत आणि प्रत्येक कमानीखाली पहारेकरी आहे. तीन जणांना सोपानचं घर विचारलं. तिघेही बाहेरगावचे निघाले. शेवटी मारुतीच्या देवळापाशी एक जुना म्हातारा भेटला, त्याने हात धरून पोचतं केलं. सोपानचं घर तेवढं जुन्या जागी आहे. मागे शेवग्याचं झाड, दोन वाफे मेथी, आणि त्यापलीकडे लगेच चौदा-पंधरा मजल्यांची भिंत. तिची सावली दुपारीच परसात येते.

सोपान ओसरीवर बसला होता. मला बघून उठला, बारीक बारीक पावलं टाकत पुढे आला, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, इतक्या उशिरा आलो म्हणून रागावला. मी आपला थट्टा करत राहिलो, तो तसाच बघत राहिला. चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा इंदूवहिनींनी हळू आवाजात सांगितलं की त्या दुखण्यात तोंडही आखडतं. ‘त्यांचं हसू आत ऱ्हातं, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी येनार म्हनून सकाळधरनं दारात बसल्यात.’ मी परत ओसरीवर गेलो आणि उरलेली थट्टा करणं मला जमलं नाही.

जेवायला पिठलं, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मेथी होती. इंदूवहिनी माळकरी. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या गावात गळ्यात तुळशीची माळ नसलेली म्हातारी शोधावी लागते. आमच्या कोकणात सोमवार सोडला तर ताटात मासळी नसेल तेव्हा घरात कोणीतरी आजारी आहे असं समजतात. इथे उलट. मासळी घराचा उंबरा ओलांडत नाही. सोपानने तोडगा काढला होता. परसात शेवग्याखाली तीन दगडांची चूल, तिथलाच तवा, तिथलीच कढई, आणि ती भांडी बाहेरच्या भिंतीला खिळ्यावर. मासा तो स्वतः साफ करायचा, स्वतः शिजवायचा, तिथेच बसून खायचा, मग न्हाणीत अंघोळ करून घरात यायचा. वहिनी तेवढा वेळ परसाकडे फिरकत नसत. संसारात त्यावरून कधी वाद झाला नाही, पण त्यांनी त्या चुलीकडे कधी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंद्रायणीवर गेलो. रॉड घेतले होते, पण ते हातात धरायला लाजच वाटावी अशी नदी होती. बंधाऱ्याखाली पांढराशुभ्र फेस जमला होता आणि वाऱ्याने त्याचे गोळे उडून काठावरच्या बाभळींना लटकत होते. वरच्या अंगाला जलपर्णी इतकी दाट की तिच्यावरून बगळे चालत होते. सोपानने काठीने एकेक जागा दाखवली. इथे डोह होता, तिथे मोठा खडक होता, त्या उंबराखाली त्याला एका पावसाळ्यात शिवडा, मिशांचा मोठा मासा, लागला होता. मला डोहही दिसला नाही, खडकही नाही आणि उंबरही नाही. मी एकदा चमकी टाकून बघितली. ती जलपर्णीत अडकली, ओढली तर एक काळं फडकं आणि नारळाची करवंटी घेऊन आली. वास असा होता की चमकी खिशात ठेववेना.

सोपान म्हणाला, ‘हितं मी पोहायला शिकलो.’ आम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात, दोन रॉड बगलेत धरून, आजाऱ्याला भेटून आल्यासारखे घरी परतलो.

भामेचं पाणी

पुढचा दिवस भामा नदीच्या धरणाचा. सोपानच्या मुलाची मोटारसायकल घेतली. तो फ्लॅटवर राहतो, कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी बापाकडेच असते. सोपान मागे बसला, रॉड दोघांच्या मध्ये उभे. चाकणच्या चौकात आमची पाऊण सकाळ गेली. पुढे नव्याकोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर, मागे कामगारांची बस, आणि कोपऱ्यात कांद्याने भरलेले टेम्पो. सोपानचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो सारखा थरथरत होता. आधी मला ते गाडीचंच वाटलं. चौकात इंजिन बंद केलं तरी ते थांबलं नाही, तेव्हा कळलं.

चौक सुटल्यावर मात्र रस्ता मोकळा झाला. कांदे काढलेली रानं, मधूनच पळसाची झाडं, आणि एका वळणावर एकदम सगळं निळं पाणी. माझं मन जरा उजळलं. काठावर एका म्हातारीने बोरं विकायला मांडली होती, ती खात आम्ही रॉड जोडले.

सोपानच्या दिवसाला आता गोळीचं वेळापत्रक होतं. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात निवळतो, मग काही काळ बरा चालतो, मग हळूहळू परत आखडतो. त्या मधल्या बऱ्या काळात जे काय ते करायचं. त्याने गोळी घेतली आणि लगेच चमकी बांधायला घेतली. चमकीच्या बारीक कडीतून दोरी ओवायची होती. दोरी एकदा इकडून गेली, एकदा तिकडून. मग त्याने चमकी दातात धरली, गळाचं टोक ओठाला लागेल असं, आणि डाव्या हाताने दोरी नेम धरून ओवली. मी चार पावलांवर उभा होतो. माझे हात शिवशिवले, पण मी पाण्याकडे बघत राहिलो. त्याला मदत करणं म्हणजे त्याला मोडीत काढणं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं.

पहिल्या फेकीला त्याची चमकी पाण्यात न जाता माझ्या टोपीला लागली आणि टोपी पाण्यात गेली. दोघांच्याही मनात एकदम हसू आलं. माझं बाहेर आलं, त्याचं घशात घरघरलं. टोपी त्यानेच चमकीने ओढून काढली आणि बांगडा लागल्यासारखी मला वाजतगाजत दिली. त्यानंतरच्या फेकीला रिळात दोरीचा असा गुंता झाला की तो बसला तो बसलाच. मी विचारलं नाही, त्याने मागितलं नाही. मी थोडं दूर जाऊन दोन-तीन चिलापी काढल्या, आणि तो माझ्याकडे पाठ करून दोरीचा एकेक पदर सोडवत बसला. गुंता सुटेपर्यंत गोळीचा अंमल उतरला होता.

तिथे आम्हाला बालाजी भेटला. मूळचा लातूरकडचा, ताथवड्यात राहणारा, चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. रात्रपाळी करून झोपायच्या ऐवजी इकडे आला होता. त्याचा रॉड बोटभर जाड आणि वजनाला पेनासारखा, आणि डब्यात इतक्या रंगांचे खोटे मासे की सोपान ते बघतच बसला. बालाजी मासा धरतो, ओला हात लावून गळ काढतो, फोटो घेतो आणि सोडून देतो. सोपानला हे काही केल्या पटेना. धरायचा आणि सोडायचा तर माशाला तरी कशाला त्रास, असं त्याचं म्हणणं. बालाजीने ते हसून ऐकून घेतलं. कामाच्या जागी दिवसभर सगळं हिशोबाने चालतं, इथे तरी काही घरी न्यायचं नसतं, याचंच बरं वाटतं, असं तो म्हणाला. मला त्याचं बोलणं थोडं समजलं.

मरळीचं नाव काढलं तसा तो सावरून बसला. ‘काका, मरळ इथं नाही भेटायची,’ तो म्हणाला. ‘इथून जाताना चाकणच्या अलीकडं डोंगराच्या बुडाला एक बंद पडलेली खाण हाय. तिथं हाय म्हणजे हाय. मी दोनदा धरलोय, दोनदा सोडलोय. तीच असंल बघा.’ त्याने फोनवर जागा दाखवली. निघताना त्याने सोपानला एक रबराचा बेडूक दिला. पोट पांढरं, पाठ हिरवी, गळाची दोन्ही टोकं पाठीशी चिकटलेली, म्हणजे शेवाळात अडकायला नको.

संध्याकाळी परसात चूल पेटवली. चिलापी माझ्या होत्या, पण शिजवणं सोपानचं, हा त्याच्या घरचा रिवाज. त्याने हळद-मीठ लावलं, तवा ठेवला, तेल ओतायला गेला आणि हात उडाला. तेल निखाऱ्यांवर पडून जाळ भडकला, तवा कलंडला आणि मासे राखेत. आम्ही ते धुतले, परत भाजले आणि राख चावत खाल्ले. मी चव चांगली आहे म्हणालो, ती नव्हती. मान वर केली तेव्हा मागच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या दारात मी त्यांना यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा चुलीकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या हाताकडे, आणि आत गेल्या.

खाण

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाणीवर गेलो. तिथली वाट गोदामांच्या मागून जाते. अर्ध्या डोंगराचा दगड काढून नेलाय आणि उरलेल्या खड्ड्यात किती तरी पावसाळ्यांचं पाणी साठलंय. एका बाजूने पडक्या घरांचा राडारोडा आणून ओतलेला, त्यात फरशीचे तुकडे, संडासची भांडी, सगळं. दुसऱ्या बाजूला विसर्जनाच्या मूर्ती, रंग गेलेल्या, आतली सळी दिसणाऱ्या. कोणी इथे आणून सोडल्या कोण जाणे. पाणी हिरवं, बारीक पाल्याने झाकलेलं, आणि इतकं स्तब्ध की त्यावर धूळ बसली होती. इतक्या वाईट जागी मी आयुष्यात मासे धरायला गेलो नव्हतो.

आम्ही एका सपाट कातळावर बसलो. सोपानने गोळी घेतली. आम्ही वाट बघू लागलो, तो हात निवळण्याची आणि मी मरळीची. तेवढ्यात पलीकडच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांजवळ, पाल्याला भोक पडलं आणि हवेचा घोट घेतल्याचा आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. सोपानने माझ्याकडे बघितलं. तोंड आखडलेलं होतं, पण डोळ्यांत सगळे गुरुवार एकदम आले होते.

त्याने बेडूक फेकला. पहिली फेक आखूड पडली, दुसरी वाकडी. तिसरी बरोबर बाभळीच्या अलीकडे पडली. मग त्याने रीळ फिरवायला सुरुवात केली आणि मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्याच्या हाताचा कंप दोरीतून बेडकापर्यंत जात होता. तो रबराचा बेडूक पाल्यावर थबकत, शहारत, भेदरल्यासारखा पुढे सरकत होता. चाळीस वर्षांचं माझं चांगलं मनगट असं कधी करू शकलं नव्हतं. ज्या दुखण्याने त्याच्या हातातून भाकरी काढून घेतली होती त्याने त्या बेडकात जीव घातला होता.

पाणी फुटलं. बेडूक दिसेनासा झाला आणि रॉड वाकून पाण्याला टेकला. सोपान दोन्ही पायांवर उभा राहिला, कसा राहिला देव जाणे. मरळ एकदा वर आली. मोठी होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत तरी असेल, आणि डोकं असं हिसडत होती की कातळावर पाणी उडालं. त्याने तिला बाभळीपासून ओढली. मग अजून थोडी. ती निम्म्या पाण्यात आली.

आणि त्याचा हात थांबला. रिळाच्या मुठीवर बोटं आवळली होती, पण मनगट फिरेना. कंपसुद्धा थांबला. नुसता लाकडाचा झाला हात. रॉड वाकलेला, दोरी ताणलेली, आणि मरळ परत बाभळीकडे वळली. सोपानने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला एक पाऊलही टाकावं लागलं नसतं. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, आणि ते मुद्दाम धरले. ही त्याची मरळ होती. मला वाटलं, तो मला साक्षीला बघतोय. मला वाटलं, मी हात लावला तर या माणसाकडे काहीच उरणार नाही. त्याने पुन्हा बघितलं. मी मान हलवली, तू काढशील अशी. तोंडाने मी काहीही बोललो नाही.

दोरी बाभळीत गेली, एकदा करकरली आणि ढिली पडली. पाल्याचं भोक हळूहळू मिटलं.

सोपान तसाच उभा राहिला. मग मी त्याला बगलेत धरून खाली बसवलं. आता हात लावायला काही हरकत नव्हती.

‘धरायचा हुतास की रे,’ तो म्हणाला.

मी म्हणालो, ‘तुझा मासा होता. आपला नियम.’

‘नियम हात चांगले हुते तवाचा,’ सोपान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. ‘मी दोन बाऱ्या तुझ्याकडं बघितलं. मला ती हातात पाह्यजे हुती, वसंता. कुनी का काढंना.’

मी चमकी बांधू का असं विचारलं. तो नको म्हणाला. ऊन चढलं होतं, गोदामांकडून भोंगा झाला, पाळी सुटल्याचा. आम्ही रॉड सुटे करून पिशवीत घातले. तो पिशवीचं तोंड बांधायला लागला तेव्हा मी ती त्याच्या हातातून घेतली आणि बांधली. त्याने घेऊ दिली.

परत

चाकणच्या चौकात पुन्हा तेच ट्रेलर, तेच टेम्पो. माझ्या खांद्यावरचा हात आता थरथरत नव्हता, जड पडला होता. मला तो थरथरणाराच बरा वाटला असता.

ओसरीवर कोणी नव्हतं. आत हाक मारली, उत्तर नाही. देवघरापाशी आलो तर खुंटीला इंदूवहिनींची तुळशीची माळ अडकवलेली. मला वाटलं, अंघोळीला गेल्या असतील, पण माळकरी बाई अंघोळीलाही माळ काढत नाही एवढं मला इतक्या वर्षांत समजलं होतं. सोपान माळेकडे बघत उभा राहिला. मग परसातून धुराचा वास आला.

वहिनी शेवग्याखाली बसल्या होत्या. तीन दगडांची चूल पेटलेली, खिळ्यावरची कढई घासून ठेवलेली. पाट्यावर लसूण, सुकं खोबरं, कोथिंबीर, सगळं वाटून गोळा करून ठेवला होता. पदर खोचलेला, गळा मोकळा. काल संध्याकाळपर्यंत ज्या चुलीकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं तिच्यात त्या फुंकणीने फुंकत होत्या.

‘आलात का,’ त्या म्हणाल्या. ‘आज मीच करनार हाय. ह्यांच्या हातानं तेल सांडतंय, आन् भावजी, तुमी कोकनातलं, तुमचं ह्यांना गोड लागनार न्हाई. साफ कशी करत्यात तेवढं सांगा. बाकी मी बघून घेतलंय. माळ उद्या आळंदीला जाऊन पुन्हा घालून घ्येते. माउली काय बोलनार न्हाई.’

त्यांनी हात पुढे केला, पिशवीसाठी.

मी पिशवी पाठीमागे घेतली. तिच्यात रॉडशिवाय काही नव्हतं. सोपान म्हणाला, ‘लागली हुती, इंदू. सुटली.’ कशी सुटली ते तो बोलला नाही, आणि मी तिथे उभा असताना तो ते कधीच बोलणार नव्हता.

वहिनींनी थोडा वेळ कढईकडे बघितलं. मग आत जाऊन चार बटाटे घेऊन आल्या, चिरले, त्याच वाटणात टाकले आणि तिघांना तिथेच, चुलीपाशी वाढलं. त्या पहिल्यांदाच त्या जागी जेवायला बसल्या. रस्सा तिखट झाला होता, चांगला झाला होता. सोपान निम्मा सांडत निम्मा खात होता.

मी मान वर न करता जेवलो. नवऱ्याला एक मासा खाता यावा म्हणून त्या बाईने गळ्यातली माळ काढली होती, आणि मी माझा नियम सांभाळत हात पाठीमागे धरून उभा राहिलो होतो.